वाचलेल्या पैशाला पत्ता द्या: रोजच्या खर्चातून छंदासाठी आणि मोठ्या कामांसाठी पैसे कसे साठवावेत

दुर्बीण घ्यायची म्हणून मी वर्षभर काटकसर केली. बाहेरचं खाणं निम्म्यावर आणलं, दोन वर्गण्या (सबस्क्रिप्शन) बंद केल्या, कपड्यांची खरेदी जवळजवळ थांबवली. वर्ष संपल्यावर खातं उघडून पाहिलं, तर शिल्लक होती तिथेच होती. उधळपट्टी केली म्हणावी तर तसंही काही आठवेना. वाचलेले पैसे त्याच खात्यात पडून राहिले होते आणि त्याच खात्यातून कशा ना कशावर निघून गेले होते. पैशाला पाय फुटतात म्हणतात ते असं.

दुसऱ्या वर्षी मी खर्च त्याहून कमी कापले आणि तरी पैसे साठले. या वेळी क्रम उलटा होता. वाचलेला पैसा कुठे जाणार हे आधी ठरवलं, तो तिथे आपोआप पोचेल अशी सोय केली आणि मग खर्चाला हात घातला. पुढची सगळी माहिती याच क्रमाने दिली आहे. कुठला खर्च कमी करावा याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. कमी झालेला खर्च साठवणीत कसा पोचवायचा हा भाग मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि सगळी मेहनत वाया जाते ती तिथेच.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ज्यांचं उत्पन्न घर, अन्न, औषधं आणि मुलांचं शिक्षण यातच संपतं, त्यांनी हा लेख वाचून स्वतःला दोष देऊ नये. गरजेच्या खर्चालाच कमाई पुरत नसेल तर प्रश्न कमाईचा असतो. तिथे एखादी वर्गणी बंद केल्याने फार काही होत नाही. गरजा भागून थोडंफार उरतं, पण ते कुठे जातं कळत नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे.

पहिली पायरी: कशासाठी, किती आणि कधी

‘पैसे साठवायचे आहेत’ एवढ्या इच्छेवर कुणी दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, असं मला अनुभवाने वाटतं. कागदावर तीन गोष्टी लिहा: वस्तू किंवा काम, त्याची पूर्ण रक्कम आणि महिना-वर्षासह तारीख. रकमेला महिन्यांनी भागलं की दरमहा किती बाजूला पडायला हवेत ते समजतं. आकडा झेपणारा नसेल तर तारीख पुढे ढकला किंवा उद्दिष्ट लहान करा. मनाला बरं वाटावं म्हणून अशक्य आकडा लिहिलात, तर तिसऱ्या महिन्यात सगळंच सोडून द्याल.

‘पूर्ण रक्कम’ या शब्दांवर थोडं थांबा. छंदाचा खर्च वस्तूवरच्या किमतीत मावत नाही. कॅमेऱ्याला भिंगं, कार्ड आणि बॅग लागते. वाद्याला तारा, दुरुस्ती आणि शिकवणीची फी. सायकलला हेल्मेट, पंप आणि वर्षातून एकदा तरी नीट देखभाल. दुर्बिणीच्या बाबतीत नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) आणि भक्कम बैठक यांचा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. आता कुठल्याही छंदाच्या मूळ किमतीत मी चौथा हिस्सा वाढवून धरते आणि दर महिन्याचा चालू खर्च वेगळा लिहिते.

एका वेळी दोनच उद्दिष्टं ठेवा: एक छंदाचं, एक मोठं (घराची सुरुवातीची रक्कम, शिक्षण, स्वतःचा व्यवसाय, लांबचा प्रवास). पाच ठिकाणी थोडे थोडे पैसे गेले की एकही आकडा वाढताना दिसत नाही आणि हुरूप जातो.

मात्र या दोन्हींच्या आधी दोन कामं येतात. पहिलं, महागडी उधारी फेडणं. थकलेल्या क्रेडिट कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज लागत असेल, तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो हे काढायची जुनी युक्ती आहे: ७२ ला व्याजदराने भागायचं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली ती नोंदवून ठेवली आहे. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. म्हणजे न फेडलेली उधारी दोन वर्षांत दुप्पट होते. कुठल्याही सुरक्षित ठेवीवर एवढा परतावा मिळत नाही, म्हणून अशी उधारी शिल्लक असेपर्यंत तिची परतफेड हीच सगळ्यात चांगली बचत. उधाऱ्या अनेक असतील तर ज्यावर व्याज सर्वांत जास्त ती आधी फेडा आणि बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवा.

दुसरं काम आपत्कालीन निधीचं. तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च हाताशी असावा असं सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण तो पूर्ण होईपर्यंत छंदाला हातच लावायचा नाही ही शिस्त माझ्या मते फार थोड्यांना पेलते. एका महिन्याचा खर्च बाजूला पडला की छंदाचं खातं उघडा आणि पुढे दोन्ही बरोबरीने भरत राहा.

दुसरी पायरी: वेगळं खातं आणि पैशांची आपोआप होणारी बदली (ट्रान्सफर)

रोजच्या व्यवहाराच्या खात्यापासून वेगळं बचत खातं उघडा. त्याचं कार्ड घेऊ नका, घेतलंत तर जवळ बाळगू नका. मोबाइलवरून पैसे देण्याच्या कुठल्याही सोयीला ते जोडू नका. बँकेच्या ॲपमध्ये खात्याला नाव देता येत असेल तर ‘बचत’ असं गुळगुळीत नाव न ठेवता उद्दिष्टाचं नाव द्या. ‘दुर्बीण’ असं नाव असलेल्या खात्यातून नवा मोबाइल घ्यायला हात धजत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या स्वभावाचा बराच अभ्यास केला आहे. हिशेबाने पैसा सगळा सारखाच असला, तरी माणूस मनात त्याचे वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यासाठी सहजी काढत नाही. वर्तनाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या स्वभावाचा आपण आपल्या बाजूने उपयोग करून घेऊ शकतो.

मग बँकेला कायमची सूचना द्या: पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम या खात्यात जावी. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही. पहिल्या महिन्यात रक्कम मुद्दाम लहान ठेवा, उत्पन्नाच्या १०० भागांपैकी ३ किंवा ४. या पायरीला उद्देश फक्त रस्ता तयार करण्याचा आहे; त्यावरची वाहतूक पुढे वाढवायची आहे.

ती वाढवण्याची उत्तम वेळ म्हणजे पगारवाढ. थेलर आणि श्लोमो बेनार्टझी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांना आजच्या पगारातून जास्त पैसे काढायला सांगितलंच नाही. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही हिस्सा बचतीत जाईल एवढं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं. ज्या कंपनीत हा प्रयोग पहिल्यांदा झाला, तिथे सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. बचत पगारवाढीतूनच वाढत असल्याने हातात येणारी रक्कम घटत नव्हती. मी पगारवाढीचा निम्मा भाग पहिल्याच महिन्यात बदलीच्या सूचनेत घालते. एकदा तीन महिने गेले की वाढलेल्या पगाराची सवय होते आणि मग तो कमी करणं जिवावर येतं.

उत्पन्न दर महिन्याला वेगळं असेल तर ठरलेल्या रकमेऐवजी ठरलेली टक्केवारी वापरा. पैसे आले की त्याच दिवशी तेवढा भाग हलवायचा. घरखर्चाचा अंदाज मात्र गेल्या १२ महिन्यांतल्या सर्वांत कमी कमाईच्या महिन्यावरून बांधा.

तिसरी पायरी: एक महिना फक्त लिहा

या महिन्यात काहीही बदलायचं नाही, काहीही कापायचं नाही. प्रत्येक खर्च झाल्यावर तासाभरात लिहायचा. रात्री आठवून लिहिलं की बारीकसारीक गोष्टी गळतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. जपानमध्ये घरखर्चाच्या वहीला ‘काकेइबो’ म्हणतात. हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ साली ती पद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे. ॲपने खर्चाची नोंद आपोआप होते हे खरं, पण आपोआप झालेली नोंद कुणी वाचत नाही. हाताने लिहिलेली वाचावीच लागते. म्हणून पहिल्या महिन्यापुरती तरी साधी वही घ्या.

आता यातला मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग. बहुतेक जण खर्चाचे गट वस्तूंवरून पाडतात: किराणा, प्रवास, करमणूक, इतर. त्यातून पैसा कुठे गेला हे कळतं, का गेला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कारणाचं एक अक्षर लिहा. ‘ग’ म्हणजे गरज. ‘आ’ म्हणजे आनंद, जो दुसऱ्या दिवशीही आठवतो. ‘स’ म्हणजे सवय. ‘घ’ म्हणजे घाई किंवा थकवा. ‘लो’ म्हणजे लोकांसाठी, नाही म्हणता आलं नाही म्हणून.

महिनाअखेर प्रत्येक अक्षराची बेरीज करा. माझ्या वहीत ‘आ’ची बेरीज वाटली होती त्यापेक्षा कितीतरी कमी निघाली आणि ‘घ’ची बघून मला वाईट वाटलं. मी चैनीवर खर्च करते असं समजत होते; प्रत्यक्षात मी उशिरावर खर्च करत होते. उशीर झाला म्हणून महागडी गाडी, दमले म्हणून बाहेरून मागवलेलं जेवण, बिल वेळेत भरलं नाही म्हणून दंड, वस्तू सापडली नाही म्हणून घेतलेली दुसरी तशीच वस्तू. यातल्या एकाही खर्चाने मला आनंद दिला नव्हता. कापायची सुरुवात इथूनच करायची हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

एका महिन्याच्या वहीत वर्षातून एकदा येणारे खर्च दिसत नाहीत. त्यासाठी बँकेचा मागच्या १२ महिन्यांचा तपशील काढा आणि विमा, शाळेची फी, गाडीची देखभाल, भेटी, दुरुस्त्या यांची बेरीज करून १२ ने भागा. ही रक्कम दरमहा वेगळी ठेवायला लागा. बचत मोडण्याचं नेहमीचं कारण हेच असतं: वर्षाचं बिल दर वर्षी येतं, तरी दर वर्षी ते अचानक आल्यासारखं वाटतं.

चौथी पायरी: कापायचं कुठून

रोज मनाला आवर घालावा लागेल अशी बचत शेवटी ठेवा. एकदा निर्णय घेतला की वर्षभर आपोआप वाचत राहील अशी बचत आधी करा. रोज एक पेला चहा-कॉफी टाळायची तर वर्षात ३६५ वेळा स्वतःशी झगडायचं; वापरात नसलेली वर्गणी बंद करायची तर एकदाच दहा मिनिटं द्यायची.

ठरलेले मासिक खर्च. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सगळ्या वर्गण्यांची यादी करा. कुठली ठेवायची यावर विचार करत बसू नका. सगळ्या बंद करा आणि जी खरोखर आठवते ती पुन्हा सुरू करा. बघण्या-ऐकण्याच्या सेवा आलटून पालटून घेतल्या तर वर्षभरात सगळं बघूनही एका वेळी एकाचेच पैसे लागतात. ‘वार्षिक घ्या, दोन महिने मोफत’ हा सौदा तेव्हाच फायद्याचा, जेव्हा तुम्ही ती सेवा दहा महिन्यांहून जास्त वापरणार असाल. फोन आणि इंटरनेटचा गेल्या तीन महिन्यांतला खरा वापर पाहा आणि त्याला साजेशी योजना घ्या. कर्जाचा व्याजदर बाजारात कमी झाला असेल तर तुमच्या बँकेला विचारा. मागितल्याशिवाय जुन्या ग्राहकाला नवा दर सहसा मिळत नाही. आणि जास्तीची परतफेड करायची तर कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत करा, कारण तेव्हा हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच असतो.

वीज. दिवा चालू राहिला म्हणून मुलांना रागावणाऱ्या किती घरांत पाणी किती वेळ तापत असतं याकडे लक्ष असतं? जरा हिशेब करू. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेचं १ युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण २,५०० किलोज्यूल, म्हणजे ०.७ युनिट. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा सव्वातीन दिवस अखंड जळतो. १.५ किलोवॅट वीज ओढणारं वातानुकूलन यंत्र तीच वीज अर्ध्या तासाच्या आत संपवतं.

यातून धडा असा की जिथे उष्णता निर्माण करायची किंवा बाहेर काढायची असते तिथे वीज जाते. पाणी तापवण्याचं तापमान कमी करा, लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच तापवा. कपडे धुण्याच्या यंत्रात शक्य तिथे गार पाणी वापरा, कारण गरम धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. थंडावा हवा असेल तर तापमान एक-दोन अंश वर ठेवून पंखा लावा. फ्रिज ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे १८ वर पुरेसा असतो. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. ती सहज निसटली तर रबर सैल झालं आहे. बंद दिसणाऱ्या उपकरणांचा हिशेबही करून ठेवा: सतत १ वॅट ओढणारं उपकरण वर्षाला ८.७६ युनिट खातं. एकाने फरक पडत नाही, पण घरात अशी वीस निघाली तर पडतो.

अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून गेलेलं. म्हणजे स्वस्त काय घ्यावं याच्या आधीचा प्रश्न आहे, आणलेलं किती फेकतो. फ्रिजमध्ये समोरच एक डबा ठेवा, त्यावर ‘आधी हे’ असं लिहा आणि लवकर संपवायचं सगळं त्यात ठेवा. आठवड्याचा बेत ठरवताना आधी घरात काय आहे ते पाहा आणि मग यादी करा. आठवड्यातला एक दिवस उरलंसुरलं संपवण्यासाठी मोकळा सोडा. पाकिटावरचं ‘बेस्ट बिफोर’ चवीबद्दल आणि दर्जाबद्दल असतं. ‘यूज बाय’ सुरक्षिततेबद्दल असतं. पहिली तारीख उलटली म्हणून चांगली वस्तू फेकू नका, दुसरी उलटली तर मोह धरू नका.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं नाही. एकूण किमतीऐवजी १०० ग्रॅम किंवा १ लिटरमागची किंमत पाहायची सवय लावा. आणि बाहेरच्या खाण्यावर सरसकट बंदी घालू नका. मित्रांबरोबरचं जेवण वहीत ‘आ’ असतं, ते ठेवा. ‘घ’वालं काढा. त्यावर उपाय मनोनिग्रहाचा नाही, तयारीचा आहे: सुट्टीच्या दिवशी दोन वेळचं जास्तीचं शिजवून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे दमून आल्यावर दहा मिनिटांत जेवण समोर येतं.

प्रवास. गाडीचा खर्च म्हणजे फक्त इंधन नव्हे. विमा, देखभाल आणि किमतीतली घट धरून दर किलोमीटरचा आकडा काढा. एकटी व्यक्ती जवळच जात असेल तर इतर साधनं बऱ्याचदा स्वस्त पडतात. महिन्यातून एकदा टायर गार असताना हवा तपासा, आणि दोन-तीन कामं एकाच फेरीत उरका.

खरेदी. इथे माझं सर्वांत ठाम मत आहे: पैसे देणं अवघड करा. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सामन्याच्या तिकिटांसाठी रोखीने आणि काहींना क्रेडिट कार्डाने बोली लावायला सांगितलं. कार्डवाल्यांची बोली रोखीवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. तिकिटं तीच होती, फक्त पैसे हातातून सुटताना जाणवत नव्हते. म्हणून दुकानांच्या ॲपमधून साठवलेली कार्डं काढून टाका, सवलतीच्या सूचना बंद करा. गरजेबाहेरची वस्तू हवीशी वाटली तर तारखेसह एका यादीत लिहा आणि ३० दिवस थांबा. महिन्याने ती यादी वाचताना निम्म्या वस्तू का हव्या होत्या हेच मला आठवत नाही. जी अजूनही हवी असते ती घेते, आणि घेताना मन खात नाही.

किंमत तासांत मोजून पाहा. महिन्याचं हातात येणारं उत्पन्न भागिले कामाचे तास. त्यात जाण्या-येण्याचे तासही मिळवा. मग समोरची वस्तू किती तासांची आहे ते कळतं. आणि एका नव्या वस्तूमागून येणाऱ्या रांगेपासून सावध राहा. फ्रेंच विचारवंत दनी दिदेरो यांनी १७६९ साली एका निबंधात आपला अनुभव लिहिला आहे: भेट मिळालेल्या सुंदर झग्यापुढे खोलीतलं बाकी सगळं जुनाट दिसू लागलं आणि एकेक वस्तू बदलत गेली. नवा सोफा आला की पडदे खुपायला लागतात, ते याच कारणाने.

पाचवी पायरी: कापलं त्याच दिवशी हलवा

सगळा लेख या पायरीसाठी लिहिला असं समजलात तरी चालेल. वर्गणी बंद केलीत? त्याच बैठकीत बँकेचं ॲप उघडा आणि आपोआप होणाऱ्या बदलीची रक्कम तेवढ्याने वाढवा. फोनची योजना उतरवलीत? फरक बदलीत मिळवा. विजेचं बिल मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा कमी आलं? फरक हाताने हलवा. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला? पुढच्या महिन्यापासून तोच हप्ता स्वतःच्या खात्यात भरा. तेवढ्या पैशांशिवाय जगायची सवय झालेलीच असते. ‘महिनाअखेर एकदम टाकते’ असं म्हणत मी पहिलं वर्ष घालवलं, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

जे खर्च रोज बदलतात त्यांच्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवा. आठवड्याची रक्कम आधीच वेगळी काढा आणि त्या वारी जे उरलं असेल ते उद्दिष्टाच्या खात्यात पाठवा, मग ते कितीही थोडं असो.

साठलेला पैसा कुठे ठेवायचा हे तारखेवर अवलंबून आहे. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा सुरक्षित ठेवीतच असावा. नेमका लागेल त्या महिन्यात बाजार पडलेला असू शकतो. दहा-पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला महागाईची धास्ती जास्त. पुन्हा ७२ चाच नियम: महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत किंमत दुप्पट होते. म्हणून लांबच्या उद्दिष्टासाठी नुसत्या बचत खात्यावर भिस्त ठेवू नका. परतावा जास्त देणारी, पण जोखीम समजून घेतलेली साधनं निवडा, आणि रक्कम ठरवताना आजची किंमत न धरता त्या वेळची धरा.

काय कापू नये

आरोग्य विमा, औषधं, दातांची आणि डोळ्यांची तपासणी, गाडीचे टायर आणि ब्रेक, हेल्मेट, पुरेशी झोप, ज्या साधनांवर पोट चालतं त्यांची देखभाल. दाढेत किंचित कळ येत होती तेव्हा मी डॉक्टरांकडे जाणं आठ महिने पुढे ढकललं. भरून होणारं काम होतं, ते रूट कॅनॉलपर्यंत गेलं. वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट गेली, आणि वेदना वेगळ्या. माणसांवरचा खर्चही जपून कापा. आजारी मैत्रिणीला भेटायला जाण्याचं भाडं वाचवून दुर्बीण दोन आठवडे लवकर आली असती, पण तशी दुर्बीण मला नको होती.

घरात दोघं किंवा अधिक माणसं असतील तर हे सगळं एकट्याने ठरवून दुसऱ्यावर लादू नका. वही एकत्र वाचा, उद्दिष्टं दोघांची असू द्यात आणि प्रत्येकाला हिशेब न देता खर्चायची थोडी रक्कम ठेवा. ती नसली की लपवाछपवी सुरू होते.

छंद थांबवून ठेवू नका

दोन वर्षं फक्त साठवत राहायचं आणि छंदाला हात लावायचा नाही, हे कोरडं पडतं. बचतीचे १० भाग धरले तर मी ६ मोठ्या उद्दिष्टाला, ३ छंदाच्या साहित्याला देते आणि १ त्याच महिन्यात छंदावर खर्चून टाकते.

छंदही पायऱ्यांनी घ्या. १५० मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेण्याआधी मी १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, वापरलेली द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेतली. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या सुमारे ५० पट प्रकाश गोळा करतं. तेवढ्यावर गुरूचे चार मोठे चंद्र, देवयानी दीर्घिका आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ दिसला. दीड वर्ष त्या द्विनेत्रीने मला आकाश शिकवलं. आपल्याला पहाटे उठून थंडीत उभं राहायला खरंच आवडतं का, याचं उत्तरही तिनेच दिलं. ते उत्तर ‘नाही’ असतं तर मोठा खर्च वाचला असता. उसनं घ्या, भाड्याने घ्या, क्लबात जाऊन दुसऱ्याचं वापरून पाहा आणि मग घ्या. वापरलेली वस्तू घेताना ती चालू करून, उजेडात तपासून आणि सुटे भाग अजून मिळतात का हे विचारून घ्या.

महिन्यातून एकदा वीस मिनिटं वही, खातं आणि तारीख यांचा मेळ घाला. एखाद्या महिन्यात मोठा खर्च आला तर आपत्कालीन निधी वापरा, तो त्यासाठीच आहे. बदलीची रक्कम तात्पुरती कमी करा, पण सूचना रद्द करू नका. चालू असलेली वाढवणं सोपं असतं, बंद केलेली पुन्हा सुरू करायचं राहून जातं. सहा महिन्यांनी एकदा पुन्हा एक महिना वही लिहा, कारण ‘स’ आणि ‘घ’ गुपचूप परत येतात.

उद्दिष्ट पूर्ण झालं की खातं रिकामं होतं, पण दरमहाची बदली चालूच असते. तिला हात लावू नका, त्याच संध्याकाळी खात्याचं नाव बदला. माझी दुर्बीण आली त्या रात्री ढग होते. मी खोकी उघडली, आरसा कापडाने झाकून ठेवला आणि खात्याचं नाव ‘ग्रहण, २०२७’ असं केलं. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणात सर्वांत लांब खग्रास अवस्था इजिप्तमधल्या लक्सरजवळ असेल, ६ मिनिटं २३ सेकंद. त्या खात्यात दर महिन्याच्या २ तारखेला पैसे जातात.